कांदळवन-दर्शन (कोकण किनारा)

भरतीचे खारे पाणी खाडीत जिथवर चढते, तिथवरच्या चिखलात वाढणाऱ्या वृक्षांच्या वनास कांदळवन किंवा खारफुटीचे वन म्हणतात. ते पाहण्यासाठी ठाणे खाडीकाठी ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आणि वेंगुर्ल्याची मांडवी खाडी ही सोयीची ठिकाणे आहेत. मांडवीत स्थानिक महिलांचा बचतगट होडीतून वन दाखवतो.

भेटीची वेळ तिथी पाहून ठरवावी. होडी भरतीच्या पाण्यावर आतवर शिरते. पण या वृक्षांची खरी ओळख मुळांवरून पटते आणि ती ओहोटीलाच उघडी पडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला पाणी सर्वांत दूर ओसरते. तेव्हा चिखलावर निवट्या मासे आणि खेकडेही दिसतात.

ठाणे खाडीत तिवराचे प्राबल्य आहे. अतिखारट आणि शहरी सांडपाण्याने दूषित पाण्यातही हा वृक्ष तग धरतो, इतर जाती तिथे मागे पडतात. एका जातीचे असे एकछत्री वन खाडीच्या बिघडलेल्या प्रकृतीचेही लक्षण मानावे लागते. तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो श्वसनमुळे वर आलेली असतात. चिखलात प्राणवायू अत्यल्प असल्याने ती हवेतून तो घेतात. शोषलेले जादा मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी पानावर त्याचे कण दिसतात, चवीलाही लागतात. पानाची खालची बाजू राखाडी, फुले लहान व पिवळी-नारिंगी.

चिप्पीची श्वसनमुळे जाड व निमुळती असतात. फुले रात्री उमलतात, फळाला तळाशी चांदणीच्या आकाराचा निदलपुंज कायम राहतो. पांढरी चिप्पी 2020 मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित झाली.

कांदळ दक्षिण कोकणातील खाड्यांत चांगला पाहायला मिळतो. खोडातून निघून चिखलात रुतलेल्या कमानदार आधारमुळांवर तो उभा असतो आणि बरेचसे मीठ मुळांशीच अडवतो. त्याचे बी फळात, झाडावर असतानाच रुजते. लांब हिरव्या शेंगेसारखा दिसणारा भाग म्हणजे रोपाचे मूलांकुर असलेले खोड होय. ते गळून जागीच चिखलात रुतते किंवा पाण्यावर तरंगत दूर जाऊन रुजते.

वनाच्या जमिनीकडील कडेला हुरा आढळतो. त्याचा पांढरा चीक डोळ्यांना अत्यंत घातक असल्याने फांद्या मोडू नयेत.

मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये राज्यातील कांदळतोडीस मनाई केली. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 मध्ये ही खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या, यादीत आली. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यातही कांदळवन पाहता येते. तिथे रायबंदरहून फेरीबोटीने जातात.