क्रूझवरची 'फॉर्मल नाइट' म्हणजे काय? आणि मित्रांच्या कुटुंबांसोबत एकाच टेबलावर बसायचं तर काय करावं लागतं?

सिंगापूर क्रूझचे रील्स बघत असाल तर एक गोष्ट नक्की लक्षात आली असेल. तीन दिवस हाफ पँट, गॉगल आणि वॉटरस्लाइड. आणि मध्येच एका रात्री तेच लोक सूट, गाऊन, पैठणी घालून जिन्यात उभे. मागे झुंबर, पोरांच्या गळ्यात बो, कॅप्शनमध्ये 'फॉर्मल नाइट'. खाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास विचारतं, वरच्या डेकवर बुफे आहे की, तोही तिकिटात धरलेला. मग हे एवढं नटून जेवायला जायचं कशाला? सक्ती असते का?

सक्ती नसते. पण हा प्रकार नुसता फोटोपुरताही नाही. त्याचे स्वतःचे नियम आहेत, ते आधी माहीत नसले तर चार मित्रांची चार कुटुंबं एकाच जहाजावर असून चार वेगवेगळ्या टेबलांवर जेवतात. असं बऱ्याच ग्रुप्सचं होतं.

आधी साधी गोष्ट. मोठ्या फॅमिली क्रूझवर जेवायच्या जागा दोन प्रकारच्या असतात. एक बुफे, जिथे कधीही जा, काहीही घाला. दुसरी 'मेन डायनिंग रूम'. इथे टेबल, टेबलक्लॉथ, मेन्यू कार्ड आणि वेटर. दोन्ही तिकिटात येतं. या मेन डायनिंग रूममध्ये सफरीतल्या एक-दोन संध्याकाळी ठेवणीतले कपडे घालून या असं सांगितलेलं असतं, त्या संध्याकाळी म्हणजे फॉर्मल नाइट. तीन-चार रात्रींच्या सफरीत साधारण एक, सात रात्रींच्या सफरीत दोन. कार्निव्हल कंपनी त्याला 'एलिगंट नाइट' म्हणते, क्युनार्डवाले 'गाला इव्हनिंग' म्हणतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने मात्र २००० साली 'फ्रीस्टाइल क्रूझिंग' आणलं. ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, सूटही नाही.

हे सुरू कुठून झालं?

जहाजं सुट्टी घालवण्यासाठी नव्हती, पलीकडे पोचण्यासाठी होती, तेव्हापासून. युरोपातून अमेरिकेला जायचं तर अटलांटिक ओलांडायला पाच-सहा दिवस लागायचे. श्रीमंत प्रवाशांना या दिवसांत करायला फारसं काही नसायचं. मग संध्याकाळचं जेवण हाच दिवसाचा मुख्य कार्यक्रम. टायटॅनिकवर १९१२ मध्ये फर्स्ट क्लासच्या जेवणाची वेळ झाली की बिगुल वाजायचा. १९३५ च्या 'नॉर्मंडी' या फ्रेंच जहाजाची फर्स्ट क्लास डायनिंग रूम सुमारे ९३ मीटर लांब होती आणि एका वेळी ७०० जण तिथे जेवू शकत. आत जाताना जिना उतरून जावं लागे, म्हणजे आलेला प्रत्येक जण सगळ्यांना दिसे. आजच्या रीलमधला जिना आहे ना, त्याचं मूळ तिथे आहे.

अर्थात हे सगळं वरच्या वर्गापुरतं. थर्ड क्लासची जेवायची जागा वेगळी, मेन्यू वेगळा, डेक वेगळा.

शिवाय समुद्र खवळला की थाट बाजूला ठेवावा लागे. टेबलांच्या कडांना उचलता येणाऱ्या पट्ट्या असत, ताट घसरून मांडीवर येऊ नये म्हणून. वेटर टेबलक्लॉथवर पाणी शिंपडून तो ओला करत, कारण ओल्या कापडावर प्लेट सरकत नाही. अनेक जहाजांवर खुर्च्या जमिनीला पक्क्या बसवलेल्या असत. आता जहाजांना डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे हे प्रकार संपले.

१९५८ मध्ये अटलांटिक ओलांडणारी जेट विमानं सुरू झाली आणि जहाजांचा धंदा बसला. पाच दिवसांचं अंतर काही तासांवर आलं. मग कंपन्यांनी जहाज हीच सुट्टीची जागा असं विकायला सुरुवात केली. १९७७ ते १९८६ या काळात अमेरिकेत चाललेल्या 'द लव्ह बोट' या टीव्ही मालिकेने मध्यमवर्गाला क्रूझचं वेड लावलं. वर्ग गेले, फर्स्ट क्लासचं जेवण सगळ्यांसाठी खुलं झालं. निदान जाहिरातीत तरी.

मित्रांसोबत एकच टेबल कसं मिळतं?

बुकिंग करताना जेवणाची वेळ निवडायला सांगतात. पारंपरिक पद्धतीत दोन पंगती असतात. पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-सव्वाआठला. तुम्हाला एक टेबल नंबर मिळतो आणि रोज तेच टेबल, तेच वेटर. दुसरा पर्याय लवचिक वेळेचा. रॉयल कॅरिबियन त्याला 'माय टाइम डायनिंग' म्हणते, कार्निव्हल 'युअर टाइम डायनिंग'. त्यात ठरावीक वेळांमध्ये हवं तेव्हा जा, रिकामं असेल ते टेबल घ्या.

गोंधळ इथेच होतो. प्रत्येक कुटुंबाचं बुकिंग वेगळं असतं, बुकिंग नंबर वेगळा असतो. तुम्ही एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर आहात हे कंपनीला कळत नाही. एकत्र बसायचं असेल तर ही सगळी बुकिंग एकमेकांना जोडून घ्यावी लागतात. ते ट्रॅव्हल एजंट करू शकतो किंवा कंपनीला कळवता येतं. आणि जोडणारे सगळे एकाच पंगतीत असले पाहिजेत. एकाने पहिली पंगत घेतली, दुसऱ्याने दुसरी आणि तिसऱ्याने लवचिक वेळ, तर जोडून काही उपयोग नाही. 'एजंटने केलं असेल' असं गृहीत धरू नका, त्याला स्पष्ट विचारा.

ग्रुप मोठा असेल तर अजून एक अडचण. टेबलं साधारण दोन ते दहा-बारा जणांची असतात. सोळा जण असाल तर शेजारशेजारची दोन टेबलं मिळतील, एक लांबलचक पंगत नाही. मग मोठ्यांचं एक आणि पोरांचं एक अशी वाटणी करणारे बरेच असतात आणि माझ्या मते तेच सगळ्यात सुखी असतात.

जहाजावर चढल्यावर टेबल चुकीचं निघालं तर? पहिल्याच दुपारी डायनिंग रूमच्या मुख्य व्यवस्थापकाला भेटायचं, ज्याला 'मेत्र द'ओतेल' म्हणतात. त्या दिवशी टेबल बदलून घेणाऱ्यांची रांग असतेच. दुसऱ्या दिवशी गेलात तर बदल करायला जागा फारशी उरलेली नसते.

आणि एक असा नियम, जो मैत्रीत थोडा बोचतो. काही जहाजांवर केबिनच्या दर्जावर जेवायची जागा ठरते. क्युनार्डच्या 'क्वीन मेरी २' वर क्वीन्स ग्रिल, प्रिन्सेस ग्रिल आणि ब्रिटानिया अशी वेगवेगळी रेस्टॉरंट आहेत आणि तुम्ही कुठल्या केबिनचे पैसे भरलेत त्यावर ती ठरतात. एमएससीच्या 'यॉट क्लब'वाल्यांना वेगळं रेस्टॉरंट. रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या जहाजांवर स्वीटमधल्या प्रवाशांसाठी 'कोस्टल किचन'. म्हणजे चार मित्रांपैकी एकाने बोनस आला म्हणून स्वीट घेतला, बाकीच्यांनी बिनखिडकीची केबिन घेतली, तर त्याला तुमच्याकडे येता येईल, पण तुम्हाला त्याच्याकडे जाता येईलच असं नाही. हे बुकिंगच्या आधी आपापसांत बोलून घेतलेलं बरं.

पोरांचं काय?

तीन कोर्सचं जेवण म्हणजे दीड-दोन तास. सहा वर्षांचं मूल एवढा वेळ टाय लावून बसत नाही. यावर सगळ्यात जास्त विचार डिस्नीने केलेला दिसतो. १९९८ मध्ये त्यांचं पहिलं जहाज 'डिस्नी मॅजिक' निघालं तेव्हापासून त्यांच्याकडे 'रोटेशनल डायनिंग' आहे. रोज वेगळं रेस्टॉरंट, पण वेटर तुमच्याबरोबर फिरतात. त्यामुळे कुणाला केचप लागतं, कुणाला दूध लवकर हवं हे रोज नव्याने सांगावं लागत नाही. 'ॲनिमेटर्स पॅलेट' नावाच्या रेस्टॉरंटमध्ये सुरुवातीला सगळं काळं-पांढरं असतं आणि जेवण पुढे सरकतं तसे रंग भरत जातात. पोरं भिंतीकडे बघत बसतात, आईबाप जेवून घेतात. दुसऱ्या पंगतीत तर मुलांना आधी वाढतात आणि किड्स क्लबचे कर्मचारी येऊन त्यांना टेबलावरूनच घेऊन जातात. बाकी कंपन्यांमध्येही लहान मुलांचं लवकर आणा असं वेटरला सांगितलं की ऐकतात.

शाकाहारी, जैन आणि 'चमचा कुठला'

मेन्यूत रोज एखादा भारतीय शाकाहारी पदार्थ बहुतेक मोठ्या जहाजांवर मिळतो. जैन जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच नोंदवायचं आणि पहिल्या रात्री हेड वेटरला पुन्हा सांगायचं. मग एक सोपी पद्धत चालते. रोज रात्री जेवण संपताना हेड वेटर उद्याचं काय ते विचारून जातो आणि दुसऱ्या दिवशी ते तयार असतं. ऐनवेळी कांदा-लसूण काढून द्या म्हटलं तर मिळेलच असं नाही, कारण हजारो लोकांचे सॉस सकाळीच बनलेले असतात.

एक स्टार्टर, एक मेन कोर्स आणि एक डेझर्ट ही पद्धत आहे, मर्यादा नाही. दोन स्टार्टर मागवले तर कुणी भुवया उंचावत नाही. फॉर्मल नाइटला लॉबस्टर असण्याची प्रथा आहे, म्हणून मासेखाऊ मंडळी बुफे सोडून येतात.

काटे-चमच्यांचं दडपण घेऊ नका. बाहेरून आत वापरत यायचं, डावीकडचा ब्रेड आपला, उजवीकडचा ग्लास आपला. बस.

कपड्यांचंही तसंच. टक्सिडो भाड्याने आणायची गरज नाही. बंदगळा, शेरवानी, कुर्ता-जॅकेट, साडी, सगळं चालतं आणि खरं सांगायचं तर काठापदराच्या साडीपुढे गाऊन फिका पडतो. शॉर्ट्स, स्विमसूट, टोपी, बनियनछाप टी-शर्ट चालत नाहीत. नटायचा कंटाळा असेल त्याने बुफेला जावं, कुणी काही म्हणत नाही.

मग पैसे कशाचे लागतात?

जेवणाचे नाही, पण आजूबाजूच्या सगळ्याचे. वाइन, कॉकटेल, बहुतेक कंपन्यांत कोल्ड्रिंकसुद्धा वेगळं, वर त्याच्यावर सर्व्हिस चार्ज. जिन्यात उभं राहून फोटोग्राफर फोटो काढतो ते फुकट, प्रिंट विकत. 'स्पेशालिटी रेस्टॉरंट'मध्ये माणशी वेगळे पैसे.

आणि टिप. बहुतेक अमेरिकन कंपन्यांत ती आपोआप तुमच्या खात्यावर लागते, साधारण माणशी दिवसाला १६ ते २० डॉलर. मुलांचीही धरतात. चौघांच्या कुटुंबाचे चार रात्रींचे २५० ते ३२० डॉलर. बिल बघून अनेकांना धक्का बसतो, कारण तिकीट घेताना हा आकडा ठळक दिसत नाही. अनेक कंपन्यांमध्ये गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन ही टिप कमी करता किंवा काढून टाकता येते. 'क्रूझवर पैसे वाचवायचे पाच उपाय' छापाच्या व्हिडिओंमध्ये हा उपाय आवर्जून सांगतात.

त्याआधी समोर उभा आहे तो माणूस काय करतो ते बघू. तुमचा वेटर संध्याकाळच्या दोन्ही पंगती सांभाळतो. सकाळी तोच बहुधा नाश्त्यालाही असतो. करार सहा ते नऊ महिन्यांचा आणि त्या काळात आठवड्याची पूर्ण सुट्टी सहसा नाही. २०१३ पासून लागू झालेल्या सागरी कामगार करारानुसार, जो भारतानेही २०१५ मध्ये स्वीकारला, खलाशाला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. हे १० तासही दोन तुकड्यांत देता येतात, फक्त त्यातला एक तुकडा सहा तासांचा हवा. म्हणजे कायदा पाळूनही सलग झोप सहा तासांचीच असू शकते. वेटरच्या कमाईचा मोठा भाग टिपमधून येतो. ती काढली की कंपनीचं काही बिघडत नाही, त्याचं बिघडतं.

हा माणूस अनेकदा आपल्याकडचाच असतो. गोव्यातून बोटीवर जाणारे 'तारवटी' ब्रिटिश कंपन्यांच्या काळापासून आचारी, स्टुअर्ड आणि वादक म्हणून जात आले. बोट लागेपर्यंत मुंबईत त्यांचा मुक्काम 'कूड' म्हणजे गावाच्या क्लबात असे. धोबी तलावच्या जेर महल इमारतीत असे कूड आजही आहेत. तुमच्या फॉर्मल नाइटला नाव विचारलंत आणि उत्तर कोकणीत आलं तर आश्चर्य वाटू देऊ नका.

मुंबईतून जाता येतं का?

येतं. कॉर्डेलिया क्रूझेसने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून सफरी सुरू केल्या. त्यांचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० सालचं, आधी ते रॉयल कॅरिबियनकडे होतं. मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपच्या सफरीत 'स्टारलाइट' हे मुख्य रेस्टॉरंट तिकिटात धरलेलं आहे आणि जैन जेवणाची सोय आहे. दोन-तीन रात्रींची सफर आणि व्हिसाची भानगड नाही, त्यामुळे मित्रांच्या ग्रुपला रंगीत तालमीसाठी बरी. फक्त बुकिंग जोडून घ्यायचं आणि टेबलाचं काय ते आधी विचारायचं, हे इथेही विसरू नका.