परळचा बैलघोडा
लालबाग-परळमध्ये जनावरांच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाला आम्ही अजून ‘बैलघोडा’च म्हणतो. ते १८८३ चं. तिथलंच पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. तेव्हा मुंबईची ट्राम घोडे ओढत. १९०५ नंतर ते घोडे गेले. आता रांगेत कुत्री-मांजरंच जास्त.

आमच्या चाळीतल्या मोत्या कुत्र्याने उंदरांसाठी ठेवलेली विषाची वडी खाल्ली, तेव्हा कोणी दूध आणलं, कोणी मिठाचं पाणी. मी दोन्ही अडवलं. मिठाच्या पाण्याने जीवही जाऊ शकतो. वडीचं वेष्टन पिशवीत टाकलं, मोत्याला चादरीत गुंडाळलं आणि बैलघोड्यासाठी टॅक्सी धरली. बऱ्याचशा उंदीरनाशकांनी रक्त गोठायचं थांबतं, पण लक्षणं दिसायला काही दिवस जातात. अशा विषावर ‘के’ जीवनसत्त्व वेळेत मिळालं तर जनावर बहुतेकदा वाचतं. म्हणून कुत्रं धडधाकट दिसलं तरी थांबू नका; वेष्टन घ्या आणि लगेच डॉक्टर गाठा.