पाटीवरची अक्षरे

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडताना दवाखान्यांच्या पाट्या वाचण्याचा मला नाद आहे. नावापेक्षा नावापुढची अक्षरे कधी कधी अधिक बोलकी असतात. मागच्या पिढीतील कित्येक डॉक्टरांच्या नावापुढे ‘एल. सी. पी. एस.’ असे. रोगी त्यांना डॉक्टर म्हणत, त्यांच्या हातगुणाची ख्याती खेड्यापाड्यांत असे. पण सरकारदरबारी ते पुरते डॉक्टर नव्हते. हा भेद कोठून आला? आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभाराखाली होता, तेव्हा ही हकीकत मुंबईपासूनच सांगावी लागते.

मुंबईत १८२६ साली देशी मुलांना वैद्यक शिकवणारी सरकारी शाळा निघाली. डॉ. मॅक्लेनन तिचे प्रमुख. पाश्चात्त्य वैद्यकाची पुस्तके या शाळेसाठी मराठीत उतरवली गेली, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. तेथे तयार होणाऱ्यांना ‘नेटिव्ह डॉक्टर’ म्हणत. अवघ्या सहा वर्षांत, १८३२ मध्ये, शाळा बंद पडली. पुढे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले आणि तेथील शिक्षण इंग्रजीतून सुरू झाले. १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तीत भाऊ दाजी लाड होते. मुंबई विद्यापीठ तेव्हा जन्मलेच नव्हते. म्हणून पदवी कॉलेजच्याच नावाने मिळाली : ‘जी. जी. एम. सी.’, म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर. १८५७ साली विद्यापीठ आले आणि त्यामागून ‘एल. एम.’ व ‘एल. एम. अँड एस.’ या परीक्षा आल्या. यातला ‘एल’ वाचकांनी ध्यानात ठेवावा. लायसेन्शिएट, म्हणजे परवानाधारक.

येथे शाळामास्तराला एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ‘डॉक्टर’ हा मूळ लॅटिन शब्द. त्याचा अर्थ शिकवणारा. रोग्याला बरे करण्याशी त्याचा मुळात संबंध नाही. लंडनमधील शस्त्रवैद्य तर न्हाव्यांबरोबर एकाच संघात असत. ते १७४५ साली वेगळे झाले. पण विलायतेतील सर्जन आजही ‘मिस्टर’ म्हणवून घेण्यातच मान समजतात. काटेकोर हिशेब केला तर एम. बी. बी. एस. झालेला मनुष्यही बॅचलरच. त्याला डॉक्टर म्हणतो ते आपण, रूढीने.

कॉलेजातून निघणारे पदवीधर मूठभर, आणि इलाखा अफाट. म्हणून १८६१ साली ग्रँट कॉलेजातच मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग निघाले आणि पुढे पुण्यात भायरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल सुरू झाले. या वाटेने आलेल्यांना हुद्दा मिळे ‘हॉस्पिटल असिस्टंट’ हा. तालुक्याचा दवाखाना, जत्रेतला पटकीचा बंदोबस्त, पुढे प्लेगच्या छावण्या, ही कामे बहुतांशी अशा माणसांवर पडत. हुद्द्यांची गंमत पाहा. आरंभी इंग्रजी शिकलेल्या पदवीधरालाही सरकार ‘सब-असिस्टंट सर्जन’च म्हणे. पुढे त्याचे ‘सब’ गळाले. मग विसाव्या शतकाच्या आरंभी तेच उतरलेले नाव हॉस्पिटल असिस्टंटांना देण्यात आले. वरच्याचा जुना अंगरखा खालच्याला, तसे!

१९१२ साली मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाले. त्याची परवाना-परीक्षा तीच आपली एल. सी. पी. एस. मेडिकल स्कुलांतील मुले ती देत. विद्यापीठाकडे मात्र तोवर एम. बी. बी. एस. रुजू लागली होती, आणि दरी रुंदावत गेली. १९३३ च्या इंडियन मेडिकल कौन्सिल कायद्याने अखिल भारतीय पातळीवर मान्यता ठेवली ती विद्यापीठाच्या पदव्यांना. परवानाधारक बाहेरच राहिले. आता आकडा पाहा. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा देशात नोंदलेल्या सुमारे ४७ हजार डॉक्टरांपैकी जवळजवळ ३० हजार परवानाधारक होते. म्हणजे देशाचा बहुतेक भार वाहणारेच कमअस्सल ठरले होते. समितीच्या बहुमताने हा अभ्यासक्रमच बंद करून एकाच दर्जाचा डॉक्टर घडवावा अशी शिफारस केली. सहा सभासदांनी मतभेद नोंदवला. एकच दर्जा हवा हे तत्त्व चांगले, यात वाद नाही. पण खेड्यात कोण जाणार, हा त्या सहांचा प्रश्न मला अजूनही अवघड वाटतो. पुण्याचे ते स्कूल त्याच १९४६ साली कॉलेज झाले.

शेजारच्या गोव्यातही अशीच उतरंड होती, फक्त भाषा पोर्तुगीज. पणजीची वैद्यकशाळा १८४२ सालची, म्हणजे ग्रँट कॉलेजाहून तीन वर्षांनी थोरली. तिचे पदवीधर मोझांबिक-अंगोलापर्यंत सरकारी सेवेत गेले, पण दुसऱ्या वर्गाचे वैद्य म्हणून. खुद्द पोर्तुगालात व्यवसाय करायचा तर तेथे पुन्हा शिकावे लागे. १९६३ साली गोवा मेडिकल कॉलेज झाल्यावर ते पर्व संपले.

आणि आनंदीबाई जोशी? १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाने त्यांना एम. डी. दिली. अमेरिकेत ती पहिलीच वैद्यकीय पदवी; पण अक्षरांचा मान पाहिला तर मुंबईतल्या बहुतेक एल. एम. अँड एस. पुरुषांहून वरचा. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

आजची शिडी निराळी. साडेचार वर्षे विद्यार्थी, मग एक वर्ष इंटर्न. तोवर नोंदणी तात्पुरती. पुढे शिकणारा रेसिडेंट, त्यानंतर सीनियर रेसिडेंट. जुने ‘हाउसमन’ आणि ‘रजिस्ट्रार’ हे शब्द वडीलधाऱ्या डॉक्टरांच्या तोंडी अजून ऐकू येतात. रोग्याच्या नातेवाइकाला मात्र रात्री दोन वाजता खाटेशी धावत येणारा इंटर्नही ‘डॉक्टरसाहेब’च असतो.

आपल्या भागात आणखी एक गंमत घडते. मराठीत ‘वैद्य’ म्हटले की काढे-चूर्णे डोळ्यांपुढे येतात. कन्नडमध्ये ‘वैद्यरु’ म्हणजे कोणताही डॉक्टर, आणि सरकारी दवाखान्याच्या पाटीवर ‘वैद्याधिकारी’. ती पाटी अक्षर लावून वाचणारा मराठी म्हातारा वैद्यबुवांची चौकशी करीत आत शिरतो, आणि समोर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली तरुण मुलगी त्याला विचारते, ‘अज्जा, काय होतंय?’