पैनगंगेच्या खडकावरील हिमाचे ओरखडे

मे महिन्यात महागावच्या माळावर उभे राहिले, की ‘हिमनदी’ हा शब्द थट्टेसारखा वाटतो. सभोवती काळा कातळ, निष्पर्ण साग आणि दक्षिणेला आटलेली पैनगंगा. तरीही याच नदीच्या खोऱ्यात एका हिमयुगाची खूण आहे.

महागावात ती दिसत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी येथे जुने सारे झाकले आहे. पूस नदीला पोटात घेऊन पैनगंगा पूर्वेकडे जाते, तसे खालचे प्राचीन खडक उघडे पडू लागतात. वर्धेच्या संगमाकडे, चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस सुमारे १६ किलोमीटरवर, नदीकाठी इरई हे गाव आहे. (चंद्रपूरची इरई नदी वेगळी.) तेथील चुनखडक घासून गुळगुळीत झालेला आणि ओरखड्यांनी भरलेला आहे, असे १८७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांना आढळले. त्याच्यावर बारीक गाळात रुतलेल्या लहानमोठ्या धोंड्यांचा थर होता.

असाच थर १८५६ मध्ये ओडिशातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड यांनी ओळखला होता. वाहते पाणी दगडांची आकारानुसार निवड करते. बर्फ सारे एकत्र वाहून नेतो. पण उष्ण कटिबंधात बर्फ आला कोठून, ही शंका उरलीच. फेडन यांच्या पुराव्याचे मोल येथे कळते. धोंडे दुरून आले असे म्हणता येते, जागच्या कातळावरचे ओरखडे मात्र तेथेच उमटलेले असतात. १९६३ मध्ये ए. जे. स्मिथ यांनी या स्थळाचा पुन्हा अभ्यास करून हिमाचाच निष्कर्ष मांडला.

शंकेचे उत्तर त्याआधीच मिळू लागले होते. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१५ च्या ग्रंथात भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिकेतील हिमाच्या खुणा एकत्र जुळवल्या. हे भूभाग एकसंध होते आणि सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता! बर्फ हटल्यावर त्या भूमीवर ग्लोसोप्टेरिससारख्या वनस्पतींची अरण्ये वाढली. वणी-घुग्घुसचा कोळसा त्याच काळानंतरचा. या पट्ट्याचा अर्वाचीन इतिहास त्याच कोळशाने घडवला.

आजच्या अरण्याला कायद्याचे कवच आहे. उमरखेड-किनवट परिसरात पैनगंगा अभयारण्य आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ याच प्रदेशातून शेते, ओढे व रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला, तेव्हा त्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळे सारा मार्ग नोंदला गेला. ओरखडे पडलेल्या खडकांचे तसे नाही. भूवारसा स्थळांच्या रक्षणासाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला तो २०२२ मध्ये, फेडन इरईला पोहोचल्यानंतर बरोबर १५० वर्षांनी.