फिरंग रोग, वेड आणि निदानाची चारशे वर्षे

१/१२
डहाणूजवळची कोसबाडची टेकडी आपल्याला ठाऊक असते ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कार्यामुळे. तिच्या पश्चिमेचा किनारा मात्र चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेपर्यंत, म्हणजे १७३९ पर्यंत, पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. या फिरंग्यांच्या नावाने आपल्याकडे एक रोगही ओळखला जात असे. तो म्हणजे फिरंग रोग, आजचा सिफिलिस, बोलीभाषेतली गरमी. हा रोग मेंदूत शिरला की तो ओळखायचा कसा, हे उमगायला वैद्यकाला सुमारे चारशे वर्षे लागली. त्याची ही हकिगत.

२/१२
१४९५ च्या सुमारास नेपल्सच्या युद्धात या रोगाची मोठी साथ उसळली. इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, तर फ्रेंच लोक नेपल्सचा. दोष नेहमी शेजाऱ्याचा! आपल्याकडे सोळाव्या शतकात भावमिश्रांनी 'भावप्रकाश' ग्रंथात त्याला 'फिरंग' या नावाने नोंदवले. बाह्य, आभ्यंतर आणि दोन्ही मिळून असे त्याचे तीन प्रकार त्यांनी केले आणि पाऱ्याचा रसकर्पूर व चोपचिनी हे उपचार सांगितले.

३/१२
भावमिश्रांनी दिलेली उपद्रवांची यादी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. कृशता, बलक्षय, नाक बसणे, अग्निमांद्य, हाडे झिजणे, हाडे वाकणे. निरीक्षण अचूक आहे. पण या यादीत वेड नाही. निदान करणारा चतुर होता, तरीही रोगाचे सर्वांत भीषण रूप त्याच्या नजरेआड राहिले. असे का झाले असावे?

४/१२
१५३४ मध्ये गोव्यात आलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तेथेच आपला औषधीविषयक ग्रंथ छापला. त्यात चीनहून येणाऱ्या याच चोपचिनीची सविस्तर चर्चा आहे. म्हणजे फिरंगी आणि देशी, दोन्ही वैद्यकांची औषधे एकच होती, आणि दोघांचे लक्षही त्वचेवर, व्रणांवर आणि सांधेदुखीवर खिळलेले होते.

५/१२
खरी मेख काळाच्या अंतरात होती. पहिला व्रण काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. नंतरचे पुरळही मावळते. गरमी गेली, असे रोगी समजतो. मग वर्षानुवर्षे शांतता. दहा, वीस, क्वचित पंचवीस वर्षांनी तोच माणूस अडखळत बोलू लागतो, हात कापतात, तो स्वतःला राजा समजू लागतो. विशीतल्या व्रणाचा चाळिशीतल्या वेडाशी संबंध कोण जोडणार?

६/१२
१८२२ मध्ये पॅरिसच्या आंत्वान बेल याने दाखवले की, भव्यतेचे भ्रम, बोबडी वाणी आणि वाढत जाणारा पक्षाघात हे तीन वेगळे आजार नसून मेंदूच्या एकाच आजाराच्या पायऱ्या आहेत. पुढे काही वर्षांत मृत्यू ठरलेला. पण कारण? मद्य, अतिश्रम, मनस्ताप, अशी उत्तरे बराच काळ दिली गेली.

७/१२
प्रयोगशाळा नव्हती, तेव्हा शरीरच साक्षीदार होते. पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहिल्यावर रोगी डोलू लागला, तर मज्जारज्जूला इजा झाल्याचा संशय घेतला जाई. हे रॉम्बर्गचे निरीक्षण. १८६९ मध्ये एडिंबरोच्या आर्गाइल रॉबर्टसनने बुबुळातील बाहुलीचे लक्षण सांगितले. जवळची वस्तू पाहताना ती आकसते, प्रकाश टाकला तर मात्र ढिम्म राहते. १८७५ मध्ये गुडघ्याखाली टिचकी मारून पाय उडतो का, ते पाहणे सुरू झाले. एक दिवा आणि एक टिचकी एवढ्यावर निदान जवळ येऊ लागले.

८/१२
आता आपल्याकडे वळू. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते आणि ठाण्यात १९०१ साली मनोरुग्णालय उभे राहिले. त्या काळच्या युरोपीय डॉक्टरांत एक मत रूढ होते की, हे 'पक्षाघाती वेड' देशी लोकांत विरळ असते, कारण ते सुधारलेल्या, ताणलेल्या मेंदूचे दुखणे आहे. मत ऐकायला शास्त्रीय, पण त्याचा पाया काय?

९/१२
पाया होता वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांचा. त्या वह्या किती विश्वसनीय होत्या, हे एका वेगळ्याच चौकशीतून उघड झाले. १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाने १८९२ सालच्या दाखल रुग्णांची प्रकरणे पुन्हा तपासली. 'वेडाचे कारण' हा रकाना बहुधा पोलिसांकडून आलेल्या माहितीवरून भरलेला आढळला. माणूस कधी गांजा ओढत असे, एवढ्यावरून 'कारण: गांजा' लिहिले जाई. अशा वह्यांवरून एखादा आजार विरळ आहे, हे सिद्ध होत नाही. ज्याची बाहुली दिव्याखाली कोणी पाहिलीच नाही, त्याचा आजार नोंदीत येणार कसा?

१०/१२
पुढची पावले झपाट्याने पडली. १८९१ मध्ये क्विंकेने पाठीच्या कण्यातील पाणी सुईने काढण्याची रीत सांगितली. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना रोगाचा मळसूत्री जंतू दिसला. १९०६ मध्ये वासरमनची रक्तचाचणी आली आणि त्याच वर्षी ती कण्यातील पाण्यावरही करून पाहिली गेली. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूतच तो जंतू दाखवला. वाद मिटला.

११/१२
तरी चाचणी म्हणजे अंतिम निवाडा नव्हे. वासरमनची चाचणी मलेरिया आणि कुष्ठरोगातही कधी कधी खोटा होकार देते, आणि हे दोन्ही आजार आपल्या कोकणपट्टीला परिचित. एका होकारावर कुणावर लांच्छन लावणे म्हणजे पुन्हा 'कारण: गांजा' लिहिणे. म्हणून रक्त, कण्यातील पाण्यातल्या पेशी व प्रथिने आणि अंगावरची लक्षणे, हे सारे एकत्र वाचावे लागते. दैवाचा खेळ असा की, १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या वाग्नर-यारेगने याच वेडावर उपाय म्हणून रुग्णांना मुद्दाम मलेरियाचा ताप आणला, आणि त्यासाठी त्याला १९२७ चे नोबेल मिळाले.

१२/१२
१९४३ मध्ये पेनिसिलिनने हा रोग बरा होतो, हे अमेरिकेत दिसले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि ते औषध महाराष्ट्रातच बनू लागले. पण निदानाचे मोल संपले नाही. सुरुवातीच्या सिफिलिसला स्नायूत दिलेले एक दीर्घकालीन इंजेक्शन पुरते. मेंदूत शिरलेल्याला मात्र शिरेतून दहा ते चौदा दिवस पेनिसिलिन द्यावे लागते. जंतू मरतो, पण गमावलेली मज्जा परत येत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची.

रोगाला परक्याचे नाव देणे सोपे असते. रुग्णाला वेडा म्हणणे त्याहून सोपे. चारशे वर्षांत वैद्यक एवढेच शिकले की, रकाना भरण्याआधी दिवा हातात घेऊन माणसाच्या डोळ्यांत पाहावे.