खनिजयुक्त सुपरअ‍ॅब्सॉर्बंट पॉलिमर म्हणजे काय? ते कसं बनतं आणि कसं तपासायचं?

मोबाईलवर जाहिरात येते: चिमूटभर पावडर, वजनाच्या ४०० पट पाणी धरणार! फुलंब्रीसारख्या तालुक्यात अद्रकाचं गणित विहिरीच्या पाण्यावर ठरतं. त्यामुळे बोट लगेच 'ऑर्डर'च्या बटणाकडे जातं. पण त्याआधी हा आकडा येतो कुठून आणि आपल्या पाण्यात तो किती उरतो, ते बघूया.

सुपरअ‍ॅब्सॉर्बंट पॉलिमर म्हणजे काय?

बाळाच्या डायपरमध्ये जी पांढरी पावडर असते, तीच ही. शेतीत तिला हायड्रोजेल म्हणतात. आत लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असतात आणि त्या मध्ये मध्ये एकमेकींना बांधलेल्या असतात. साखळ्यांवर सोडियमचे आयन असतात, त्यांच्यामुळे पाणी आत ओढलं जातं. गाठी असल्याने पावडर विरघळत नाही, फुगून जेल होते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने (एनसीएल) १९८० च्या दशकातच 'जलशक्ती' नावाचा असा पदार्थ तयार केला होता. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं 'पुसा हायड्रोजेल' आज शेतकऱ्यांना जास्त माहीत आहे.

यात खनिज कशाला?

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. कारण तिच्यात माँटमोरिलोनाइट गटातली खनिजं भरपूर असतात. त्यांचे थर कागदाच्या गठ्ठ्यासारखे असतात आणि थरांमध्ये पाणी शिरतं. बेंटोनाइट मातीत हेच खनिज मुख्य असतं.

पॉलिमरमध्ये बेंटोनाइट मिसळलं की दोन फायदे होतात. खर्च कमी होतो, आणि फुगलेलं जेल जास्त मजबूत राहतं. पण प्रमाण महत्त्वाचं. माती जास्त झाली तर साखळ्या आवळल्या जातात आणि पाणी कमी शोषलं जातं.

लॅबमध्ये कसं बनवतात?

१. बेंटोनाइट पाण्यात घोटून एकजीव करतात.
२. अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड थंड ठेवून त्यात कॉस्टिक सोडा हळूहळू घालतात. साधारण ७० टक्के अ‍ॅसिड उदासीन करतात.
३. दोन्ही मिसळून त्यात गाठी बांधणारं रसायन अगदी थोडं घालतात.
४. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढतात, कारण ऑक्सिजन अभिक्रिया अडवतो.
५. परसल्फेट घालून मिश्रण ६० ते ७० अंशांच्या आसपास तापवतात. घट्ट जेल तयार होतं.
६. जेलचे तुकडे करून धुतात, वाळवतात, दळतात आणि चाळतात.

व्हिडिओ बघून हे घरी करू नका. अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड त्वचा आणि डोळे भाजतं. अभिक्रियेत उष्णताही निघते, त्यामुळे मिश्रण अचानक उकळू शकतं.

चाचणी कशी करतात?

सर्वात सोपी पद्धत टी-बॅगची. कोरडी पावडर मोजून बारीक जाळीच्या पिशवीत घालतात, पाण्यात बुडवून फुगू देतात, निथळून पुन्हा वजन करतात.

शोषण = (ओलं वजन − कोरडं वजन) ÷ कोरडं वजन

खरी गोम पाण्यात आहे. पाकिटावरचा आकडा बहुतेक वेळा डिस्टिल्ड पाण्यातला असतो. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात तीच पावडर शेकड्यांवरून काही दहांवर येते. जड पाण्यातलं कॅल्शियम तर साखळ्यांना आणखी गाठी मारतं. म्हणून बोअरच्या जड पाण्यात ४०० पट मिळेल, असं धरून चालू नका.

घरी करण्यासारखी टेस्ट

- १ ग्रॅम पावडरच्या दोन पुड्या करा. एक बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात, दुसरी आपल्या विहिरीच्या पाण्यात घाला. पाणी प्रत्येकी १ लिटर.
- रात्रभर ठेवा. सकाळी पातळ कापडातून १५ मिनिटं निथळा.
- किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करा. ओल्या कापडाचं वजन वजा करायला विसरू नका.
- समजा, पहिल्यात ३०१ ग्रॅम आणि दुसऱ्यात ९१ ग्रॅम भरलं. म्हणजे पाकिटावर ३०० पट, तुमच्या शेतात ९० पट.
- जेल उन्हात वाळवून पुन्हा भिजवा. तीन-चार वेळा करून शोषण किती घटतं ते लिहून ठेवा.
- जेल सिंकमध्ये टाकू नका, पाईप तुंबतो.

एकराचा हिशोब

पुसा हायड्रोजेल शुद्ध पाण्यात किमान ३५० पट शोषतं आणि शिफारस हेक्टरी २.५ ते ५ किलोची, म्हणजे एकरी १ ते २ किलो. २ किलो गुणिले ३५०, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ७०० लिटर. एका एकरावर फक्त १ मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे ४,००० लिटर पाणी होतं!

म्हणून जेल शेतभर फेकण्यात अर्थ नाही. ते मुळांजवळ, ओळीतच द्यावं लागतं. ते पाणी तयार करत नाही. दिलेलं पाणी धरतं, मुळांना सोडतं आणि पुढच्या पाण्याला पुन्हा भरतं. आपली भारी काळी माती मुळातच पाणी धरते, त्यामुळे हलक्या, मुरमाड जमिनीत फरक जास्त दिसण्याची शक्यता असते.

थोडक्यात: विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, "हा आकडा कोणत्या पाण्यातला?" उत्तर मिळालं नाही तर लहान पाकीट घ्या, आधी आपल्या विहिरीच्या पाण्यात तपासा, मग चार ओळींत वापरून बघा. एकरभराचा खर्च त्यानंतर.