अमात्यांची राजनीति

रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें 'आज्ञापत्र' नांवानें राजाज्ञा खरी; परंतु तें वाचतांना आम्हांस एका वृद्ध कारभाऱ्याचें अनुभवकथनच ऐकूं येतें. इ. स. १७१५ मध्यें करवीरच्या संभाजीराजांच्या नांवें तें सिद्ध झालें. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत बसलेल्या, आणि राजाराममहाराज जिंजीस गेले असतां 'हुकुमतपनाह' होऊन महाराष्ट्र राखणाऱ्या पंतांना तेव्हां सांगण्यासारखें पुष्कळ होतें.

आरमारासाठीं लांकूड हवें; पण रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावूं नये, कारण तीं झाडें लोकांनीं लेकरांसारखीं वाढविलेलीं असतात, असें ते बजावतात. एखादें फारच जीर्ण झाड घेणें झालें, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावें. राज्याच्या तोफा-जहाजांच्या हिशेबांत परसांतल्या झाडाची आठवण ठेवणारा मुत्सद्दी विरळाच!

नव्या वृत्ति व इनामें देऊं नयेत, हाहि त्यांचा आग्रह. आतां जिंजीच्या दिवसांत वतनांचीं आमिषें दाखवूनच माणसें राखावीं लागलीं, आणि त्या कारभारांत खुद्द पंत होते. यास कोणी दांभिकपणा म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. तें औषध किती कडू, हें तें पाजणाऱ्यासच ठाऊक असणार.

टोपीकरांविषयींचें प्रकरण मात्र सर्वांत मार्मिक आहे. हे इतर सावकारांसारखे नव्हेत. यांच्या पाठीशीं यांचे राजे आहेत. मिळालेली जागा हे जीव गेला तरी सोडीत नाहींत, असें पंत सांगतात. वखारीस जागा देणेंच पडलें, तर खाडीच्या मुखाशीं वा समुद्रतीरीं न देतां आंत चार-आठ कोसांवर, राजापुरासारख्या ठिकाणीं द्यावी. हें भविष्यकथन नव्हे. १६६० मध्यें पन्हाळ्याच्या वेढ्यांत राजापूरच्या इंग्रजांनीं सिद्दी जौहरास तोफांची मदत केली होती. ती गोष्ट त्या पिढीच्या डोळ्यांपुढची होती.

पुढें १७५६ मध्यें तुळाजी आंग्ऱ्यांच्या पारिपत्यासाठीं पेशव्यांनीं इंग्रजांचें साह्य घेतलें. विजयदुर्गास मराठ्यांचीं जहाजें जळालीं. किल्ला इंग्रजांनीं कित्येक महिने आपणांकडेच ठेविला, आणि तो पेशव्यांच्या हवालीं करतांना बाणकोट कायमचें पदरांत पाडून घेतलें. बाणकोट हें सावित्रीच्या खाडीच्या अगदीं मुखाशीं आहे.